आधी साक्ष, मग माफी

मंगळवारी सकाळी याकोब शिंगाडे चहात टोस्ट बुडवत असताना त्याच्या फोनमधून आफ्रिका बोलली. फोन कानाला लावायची त्याला सवय नव्हती. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं इंजिनं ऐकून कान अर्धेच शिल्लक राहिले होते, म्हणून तो फोन हातावर ठेवून, आवाज पूर्ण चढवून, सगळ्या गल्लीसकट ऐकायचा. आवाज एस्तेर बांडाचा होता. मलावी देशात एक मिशनचा दवाखाना आहे, तिथली ही हेड नर्स. गेल्या वर्षी याकोब त्या दवाखान्यात दीड महिना फुकट सेवा करून आला होता. बाई खुशीत होती, मधूनच हसत होती. त्या इंग्रजीच्या लोंढ्यात एक शब्द तीनदा आला, तो म्हणजे धुळाप्पा.

याकोबची बायको सालोमी भाकरी थापत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण धुळाप्पा येत होता. तिचा हात परातीतच थांबला.

"ती बाई धुळाप्पाचं नाव कशाला घेती ओ?"

"न्हाय गं. त्यांच्याकडं बी एकजण आहे. तसलंच नाव आहे त्याचं."

"आफ्रिकेत धुळाप्पा?"

"असतोय की. देवाची करणी."

टोस्ट एव्हाना चहात विरघळून तळाला गेला होता. याकोब फोन घेऊन मागल्या दारी गेला आणि आवाज बारीक करून त्यानं निरोप पुन्हा ऐकला. एस्तेर गुरुवारी इकडं, नळदुर्गला पोचत होती. मलावीच्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांनी ठरवलं होतं, की यांचा माणूस आपल्याकडं येऊन राबून गेला, तर आता आपलंही माणूस त्यांच्याकडं जावं, दोन आठवडे त्यांच्या दवाखान्यात काम करावं आणि संध्याकाळी गोष्टी सांगाव्यात. इथवर सगळं ठीक होतं. पुढं ती म्हणत होती, की मंडळीतल्या बायकांनी धुळाप्पासाठी सदरा शिवलाय, तो मी माझ्या हातानं त्याला देणार आहे. नळदुर्गात पाय ठेवला की आधी मला त्याच्याकडं ने. ज्यानं तुला मिठी मारून माफ केलं, तो माणूस मला डोळ्यांनी बघायचाय.

याकोबनं फोन चटकन बंद केला. त्याचं कारण लपवून ठेवण्यात अर्थ नाही. धुळाप्पानं त्याला माफ केलेलं नव्हतं. मिठी तर सोडाच, तीन वर्षांत त्यानं याकोबकडं मान वळवून पाहिलंही नव्हतं. आणि यात धुळाप्पाचा काही दोष नव्हता, कारण याकोब माफी मागायला कधी गेलाच नव्हता.

धुळाप्पाचा ढाबा याकोबच्या घरासमोर, हायवेच्या पलीकडं. शुद्ध शाकाहारी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पोटावर ताणलेलं बनियन, आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या निम्म्या ड्रायव्हरांशी नावानिशी ओळख, असा हा गृहस्थ. दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले. नाताळात याकोबच्या घरच्या करंज्या रस्ता ओलांडून तिकडं जायच्या आणि पाडव्याला धुळाप्पाच्या घरची होळगी रस्ता ओलांडून इकडं यायची. होळगी म्हणजे पुरणपोळीच, पण धुळाप्पासमोर कुणी पुरणपोळी म्हटलं तर तो त्याला तूप कमी वाढायचा.

तीन वर्षांपूर्वी धुळाप्पाच्या मुलीचं, सृष्टीचं, लग्न होतं. मांडवाच्या दिव्यांसाठी ढाब्यावरचा जुना जनरेटर याकोबनं स्वतःच्या हातानं दुरुस्त करून दिला आणि छातीवर हात मारून सांगितलं, "आता दहा वर्षं बघायचं काम न्हाय." ऐन अक्षतांच्या वेळी जनरेटर तीनदा खोकला आणि गप्प झाला. मांडवात काळोख. लग्न लावणाऱ्या स्वामींचा मंत्र अर्ध्यावर तुटला, अर्ध्या अक्षता नवऱ्याऐवजी बँडवाल्यावर पडल्या. धुळाप्पा सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडला, "याक्या, तुझ्या हातानं सायकलची घंटी बी वाजायची न्हाय!" याकोबनं उचलली जीभ लावली टाळ्याला. "आणि तुझ्या ढाब्याची डाळ? परवाची डाळ आज पाहुण्यांना वाढायलास, ते कोण सांगणार?" शेजारच्या मांडवात नवऱ्याकडच्या, मुरुमच्या माणसांची पंगत बसलेली होती. त्यांचे घास हातातच राहिले.

डाळ ताजी होती. याकोबला ते पक्कं माहीत होतं, कारण सकाळी त्यानंच ती चाखून मीठ कमी आहे म्हणून सांगितलं होतं. आणि जनरेटर का बंद पडला, तेही त्याला माहीत होतं. डिझेलचा नवा फिल्टर आणायला सोलापूरला जायचा कंटाळा केला आणि जुनाच रॉकेलमध्ये धुऊन परत बसवला. ही गोष्ट त्यानं नळदुर्गात कुणालाही सांगितली नाही. सालोमीलासुद्धा नाही. सांगितली ती थेट मलावीत जाऊन.

मलावीच्या दवाखान्यानं त्याला बोलावलं होतं ते जनरेटर दुरुस्त करायला. देवाला विनोद कळत नाही असं कुणी म्हणू नये. दिवसभर जनरेटर, पाण्याचे पंप आणि कपडे धुण्याची यंत्रं बघायची, आणि संध्याकाळी पेशंटच्या नातेवाइकांना ओसरीवर बसवून पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, असा तिथल्या सेवेचा नियम होता. याकोबनं निघण्याआधी माशानं गिळलेल्या योनाची गोष्ट घोटून पाठ केली होती. पहिल्या संध्याकाळी त्यानं ती आपल्या नटबोल्टच्या इंग्रजीत सांगितली आणि एस्तेरनं तिथल्या भाषेत. माशानं योनाला किनाऱ्यावर ओकून टाकलं आणि याकोब समाधानानं खाली बसला. तर पुढ्यात बसलेली एक आगोगो, म्हणजे आजीबाई, म्हणाली, "आणि वेल?"

"कसला वेल?"

"योनाच्या डोक्यावर सावली धरणारा. आणि वेलाला लागलेला किडा. आणि देवाचं शेवटचं बोलणं. अर्धी गोष्ट कुठं टाकून आलास?"

उरलेली गोष्ट मग आगोगोनंच सांगितली. तिच्या शेजारणीनं माशाच्या पोटातले दिवस दुरुस्त केले. याकोबनं सात सांगितले होते, ते तीनच निघाले. ज्यांना शुभवर्तमान सांगायला एवढा समुद्र ओलांडला, त्यांच्या घरी ते पणजोबांपासून मुक्कामाला होतं. दुसऱ्या दिवशी एस्तेर त्याला म्हणाली, "शास्त्रातल्या गोष्टी आम्हाला येतात. तू तुझी सांग. तुझी साक्ष दे."

साक्ष म्हणजे देवानं माझ्या आयुष्यात काय केलं, ते मंडळीपुढं उभं राहून सांगणं. नळदुर्गच्या चर्चमध्ये याकोब दरवर्षी एकच साक्ष द्यायचा: घाटात एसटीचा ब्रेक फेल, तोंडात प्रभूचं नाव, आणि गाडी आंब्याच्या झाडाला टेकून उभी. ती तिथं चालेना. त्या ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात याहून भारी ब्रेक फेल झालेले होते. लोक जांभया द्यायला लागले आणि घाबरून याकोबच्या तोंडून धुळाप्पा बाहेर पडला. शाळेतला बाक, करंज्या, होळगी, लग्न, जनरेटर, रॉकेलमध्ये धुतलेला फिल्टर, ताजी डाळ, सगळं. शेवटच्या वॉशरपर्यंत खरं. साठ माणसं कान देऊन ऐकत होती. तो थांबला तेव्हा तीच आगोगो म्हणाली, "मग माफी मागायला कधी गेलास?"

साठ जणांच्या नजरा त्याच्यावर होत्या. याकोब म्हणाला, "दुसऱ्या दिवशी."

झालं. बायका उठल्या, जीभ हलवत त्यांनी आनंदाचा असा काही कल्ला केला की वॉर्डातली बाळं जागी झाली. याकोब ढसाढसा रडला. लोकांना वाटलं, आठवणीनं भरून आलंय. आठवणीनंच आलं होतं. धुळाप्पावाचून त्याला करमत नव्हतं, भांडणापासून एक दिवस करमलं नव्हतं, आणि खोटंच का होईना, पण घटकाभर दोघांचं जमलं होतं.

त्या दीड महिन्यात त्याला सात गावांत ही साक्ष द्यावी लागली आणि प्रत्येक गावात त्यानं पदरचं थोडं मीठ लावलं. दुसऱ्या गावात धुळाप्पा धावत आला. चौथ्या गावात तापल्या डांबरावर अनवाणी धावत आला. सातव्या गावात तर चुलीवर दूध उतू जात असताना "दूध गेलं तर जाऊ दे, मित्र आला!" असं म्हणत, सहा फुटी धुळाप्पानं याकोबला उचलून गरगर फिरवलं. हा धुळाप्पा आता गुरुवारी दाखवायचा होता.

"झालं ऐकून?" मागं सालोमी उभी होती. तिच्या हाताला पीठ तसंच होतं. "आता मला सांगा."

तीस वर्षांच्या संसारात ती असं म्हणाली की याकोब सांगायचाच. त्यानं सांगितलं. सालोमीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नववी आज्ञा काय आहे?"

"शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको."

"मग?"

"म्या विरुद्ध कुठं दिली? म्या त्याच्या बाजूनं दिली."

सालोमीला हसू आलं नाही. "तीन वर्षं म्या त्या उमादेवीचं तोंड बघितलं न्हाय," ती म्हणाली. उमादेवी म्हणजे धुळाप्पाची बायको. "बाजारात समोर आली तर म्या वाट बदलती. का? तर माझा नवरा खरा, ह्या एका गोष्टीवर. आणि तुम्ही रॉकेलमध्ये फिल्टर धुतलावता?" तिनं हातावरचं पीठ झटकलं. "जावा. आत्ता जावा. ती बाई यायच्या आत माफी मागा, न्हायतर म्या तिच्यापुढं उभी राहून सगळं सांगती. मला इंग्रजी येत न्हाय, पण आपल्या दवाखान्यातली ती निकिता नर्स आहे सांगायला."

याकोब रस्ता ओलांडून ढाब्यावर गेला. ढाब्यात एकच गिऱ्हाईक होतं, सिमेंटच्या गाडीवरचा हैदराबादचा ड्रायव्हर. याकोब त्याच्यासमोर बसला. धुळाप्पानं त्याला पाहिलं आणि ड्रायव्हरकडं तोंड करून म्हणाला, "ड्रायव्हरसाब, पूछो इनको क्या होना."

"चाचा, सेठ पूछ रहे क्या होना."

"त्यांना सांगा, थोडं बोलायचं होतं."

"सेठ, बात करनेकू आये बोलते."

"यहाँ बात नहीं मिलती. खाना मिलता."

ड्रायव्हरनं याकोबला प्रेमानं समजावलं, "खाना खा लो ना चाचा. बातां में क्या रक्खा है."

याकोबसमोर डाळ आणि रोटी आदळली गेली. त्यानं पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. तीन वर्षं या फोडणीचा नुसता वास रस्त्यापलीकडून येत होता. माफी मागायची तर सुरुवात गोड बोलून करावी, असं त्याच्या मनात आलं, आणि डाळीबद्दल तो जे एकदा चुकीचं बोलला होता तेच आता बरोबर करून टाकावं, असंही वाटलं. म्हणून तो ड्रायव्हरला म्हणाला, "त्यांना सांगा, आजची डाळ एकदम ताजी आहे."

"सेठ, चाचा बोलते आज की दाल ताजी है."

धुळाप्पाचा हात कढईवरच थांबला. "आज की? म्हणजे रोज की बासी रहती बोलता ये?" पुढच्या क्षणी याकोबच्या समोरचं ताट उचललं गेलं होतं. धुळाप्पा थेट कन्नडात गेला, आणि तो कन्नडात गेला की त्याची समजूत घालायला फक्त उमादेवीच लागते. ड्रायव्हरनं हातातली रोटी हवेतच धरून भीत भीत विचारलं, "सेठ, मेरी तो ताजी है ना?"

बुधवार याकोबनं प्रार्थनेत काढला, म्हणजे खाटेवर. शेवटी त्यानं ठरवलं, की गुरुवारी सोलापूर स्टेशनावर आपणच जायचं, गाडीत बसल्या बसल्या एस्तेरला सगळं कबूल करायचं, आणि तिला मागच्या रस्त्यानं दवाखान्यात न्यायचं. बेत चांगला होता. पण एस्तेरला आधीची गाडी मिळाली, दवाखान्याची जीप घेऊन निकिता नर्स परस्पर तिला आणायला गेली, आणि याकोब दाढीचा साबण लावून आरशासमोर उभा असताना खिडकीतून त्याला दिसलं, की जीप ढाब्यासमोर थांबलीय. पाटीवर इंग्रजीतही लिहिलेलं होतं, धुळाप्पा ढाबा. उंच, धिप्पाड, पिवळ्या-निळ्या फुलांच्या झग्यातली एस्तेर खाली उतरली, सरळ गल्ल्याकडं गेली, आणि तिकडच्या रीतीप्रमाणं गुडघ्यात वाकून तिनं दोन्ही हातांनी धुळाप्पाचा हात धरला.

याकोब अर्ध्या दाढीनं धावत सुटला. पण हायवेवर ट्रकची रांग लागलेली. एक गेला की दुसरा. मधल्या फटींतून त्याला तुकडे दिसत होते: एस्तेर बोलतेय, निकिता ते मराठीत सांगतेय, धुळाप्पा झारा हातात धरून ऐकतोय. पुढचा ट्रक गेला तेव्हा एस्तेर हात फिरवून जनरेटर खोकल्याचं दाखवत होती. आणखी दोन ट्रक गेले तेव्हा ती कुणाला तरी उचलून गरगर फिरवत होती. याकोब पलीकडं पोचला तेव्हा धुळाप्पाच्या अंगाला एक लालभडक सदरा लावून बघणं चाललं होतं. सातव्या गावातल्या वर्णनावरून माप घेतलेलं असल्यामुळं त्यात दोन धुळाप्पा सहज मावले असते.

निकिताला ते भांडण माहीत होतं. सगळ्या नळदुर्गाला माहीत होतं. तिनं याकोबकडं पाहिलं आणि जीव मुठीत धरून एस्तेरचं पुढचं वाक्य मराठीत सांगितलं. "काका, त्या म्हणतात, हा फिल्टरचं खरं सांगायला तुमच्या दारात आला, तेव्हा तुम्ही याच्या कानात काय बोललात? ते हा कुणालाच सांगत नाही. आमच्या सगळ्या बायकांना ते ऐकायचंय."

"कसला फिल्टर?" धुळाप्पा म्हणाला.

आता इथं याकोबला गप्प बसता आलं असतं. एवढ्या लांबून आलेल्या बाईसमोर धुळाप्पा तमाशा करणार नाही, हे तो ओळखून होता. नुसतं हसून, खांद्यावर हात टाकून वेळ मारून नेता आली असती. पण रस्त्याच्या कडेला सालोमी येऊन उभी राहिली होती आणि एस्तेर मोठ्या आशेनं एकदा याच्या, एकदा त्याच्या तोंडाकडं पाहत होती. याकोबच्या अर्ध्या तोंडावरचा साबण वाळून ताणायला लागला होता.

"एस्तेरबाई," तो इंग्रजीत म्हणाला, "मी खोटं बोललो. मी गेलो नव्हतो. यानं मिठी मारली नाही. दूध उतू गेलं नाही. काही झालं नाही." मग तो धुळाप्पाकडं वळला. "धुळ्या, फिल्टर जुना होता. म्या रॉकेलमध्ये धुऊन बसवला. चूक माझी होती. आणि डाळ ताजी होती, ते मला सकाळपासून ठावं होतं. म्या लोकांदेखत खोटं बोललो. मला माफ कर." त्यानं हात जोडले.

एस्तेरनं सदरा हळूच मागं घेतला आणि घडी घालायला लागली. तिचा चेहरा पडलेला पाहून याकोबला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं.

"किती गावांत सांगितलंस हे?" धुळाप्पानं विचारलं.

"सात."

"सात." धुळाप्पाच्या कपाळावरचे विभूतीचे पट्टे हलले. "समुद्र ओलांडून सात गावांना सांगून आलास. त्यांच्या लेकराबाळांना ठावं आहे की डाळ ताजी होती. आणि ह्यो रस्ता, ह्यो एवढा रस्ता तुला ओलांडता आला न्हाय व्हय रे? तीन वर्षं म्या त्या जनरेटरला उघडून बघायलोय, माझंच डिझेल खराब होतं का म्हणून!"

निकिता हे सांगता सांगता थांबली.

"म्या माफ करत न्हाय," धुळाप्पा म्हणाला. "आणि त्यो सदरा बी मला नको. त्यो ज्या धुळाप्पाचा आहे त्यो म्या न्हाय. तुला लई साक्ष द्यायची हौस आहे ना? मग जिथं बोललास तिथं दे. माझ्या व्याह्यापुढं. त्या दिवसापासून ती माणसं माझ्याकडं आली की आमचं पोट भरलंय म्हणतात. चल मुरुमला."

एस्तेर म्हणाली, मीही येणार. मी सेवेला आणि गोष्टीला आलेय, त्यातली गोष्ट अजून संपलेली नाही. त्यामुळं दवाखान्याची जीप मुरुमकडं वळली. पुढं निकिता, मागं एका बाजूला धुळाप्पा, दुसऱ्या बाजूला याकोब, आणि मध्ये मलावी. याकोबला विमानात बसताना भीती वाटली नव्हती एवढी या जीपमध्ये वाटत होती.

मुरुमला शांतलिंग व्याही तुरीच्या पोत्यांजवळ खुर्ची टाकून बसले होते. वर्षातून दोनदा येणारा मुलीचा बाप अचानक दारात, सोबत अर्ध्या दाढीचा माणूस आणि एक परदेशी बाई, हे पाहून घरभर धावपळ उडाली. विहीणबाई इरम्मा बाहेर आल्या, सृष्टी डोक्यावरचा पदर सावरत आली. धुळाप्पा मुलीचा बाप. तो या अंगणात आला की त्याचा आवाजच बदलायचा. खुर्ची दिली तरी तो कडेवर बसायचा, "व्हय जी, बरं जी" याच्या पुढं जायचा नाही. आताही तो कडेवर बसला आणि त्यानं याकोबला नुसती मान हलवून खूण केली.

याकोबनं उभं राहून साक्ष दिली. आयुष्यातली सगळ्यात आखूड. फिल्टर जुना होता, डाळ ताजी होती, दोन्ही गोष्टींत मी खोटा पडलो. धुळाप्पा अनवाणी धावला नाही, कुणी कुणाला गरगर फिरवलं नाही. कुणाच्या डोळ्यांत पाणीही आलं नाही. शांतलिंगांनी तुरीचा एक दाणा तोंडात टाकला.

"एवढंच व्हय?" इरम्मा हसून म्हणाल्या. "आमी तर डाळीचं कवाच इसरलो. आमच्या भावकीत तुमची गोष्ट येगळीच सांगतात. सृष्टीच्या लग्नात एक मिस्त्री पिऊन आलावता, त्याला मशीन चालू का बंद ते बी कळेना, आणि मग त्यो पंगतीत जाऊन बरळायला लागला. लई हसतो आमी."

"बेवडाच म्हणतो की आमी त्याला," शांतलिंगांनी दुजोरा दिला. "त्यो बेवडा मिस्त्री."

याकोबनं मान खाली घातली. हेही पदरात घ्यायचं, असं त्यानं ठरवलं. तेवढ्यात खुर्ची मागं पडल्याचा आवाज झाला.

"कोण बेवडा?" धुळाप्पा उठला होता. "कोण बेवडा हो, व्याहीबुवा?"

"आप्पा," सृष्टी घाबरून म्हणाली. मुलीच्या सासरी तिच्या बापानं आवाज चढवल्याचं मुरुमात तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

"थांब गं! पन्नास वर्षं वळखतो म्या ह्याला. ह्या माणसानं थेंबाला तोंड लावलं न्हाय कधी. खोटं बोलतोय, बोलतोय तर मापाच्या बाहेर बोलतोय, आळशी आहे, फिल्टर धुऊन बसवतोय, ते सगळं खरं! माझ्या बापाच्या मयताला तीन दिवस माझ्या दारातनं हलला न्हाय ह्यो, त्याला तुम्ही बेवडा म्हणता? ह्याला शिव्या द्यायच्या तर म्या देणार! दुसऱ्यानं न्हाय द्यायच्या!"

तो थांबायला तयार नव्हता. मध्येच मराठी संपली, तो कन्नडात गेला. इरम्मांच्या हातातला तांब्या कलला, पाणी सांडायला लागलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. शांतलिंग खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि "बरं जी, व्हय जी" म्हणत होते.

निकिता तोंडाला पदर लावून रडत होती, तिच्याकडून काही सांगणं होणार नव्हतं. एस्तेरनं याकोबचा दंड धरला आणि कानाशी वाकून विचारलं, "काय म्हणतोय तो? सांग ना."

सात गावांत पोटभर बोललेल्या याकोबला एक धड वाक्य जुळवता येईना.

"हा माझा मित्र आहे," तो म्हणाला. "तो ओरडतोय."